कोकणातील लाकडी कुंपण : निगा आणि दुरुस्ती

कुंपणाची आठवण शेतकऱ्यास बहुधा गुरे शेतात शिरल्यावर होते. आंब्याची वा काजूची कलमे लावून दोन-तीन वर्षे झाली आहेत, त्यांना घागरीने पाणी घालून जगविले आहे, आणि एका रात्री कुंपणाचे चार खांब आडवे होऊन मोकाट गुरे आत शिरली, म्हणजे सकाळी शेंडे खाल्लेली रोपे तेवढी उरतात. वाल, चवळी, मिरची, वांगी यांच्या वाफ्यांचीही तीच गत होते. हे नुकसान ज्या खांबामुळे झाले तो एका रात्रीत कुजलेला नसतो. तो निदान एक-दोन पावसाळे आतून कुजत आलेला असतो. केवळ वरून धडधाकट दिसत असल्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते.

कोकणपट्टीत वर्षाकाठी साधारणपणे अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इतका काळ सतत ओले राहणारे लाकूड कुजणारच, असे मानून पुष्कळ शेतकरी दरवर्षी वई नव्याने घालतात. यात पैसा व मजुरी खर्ची पडतेच, शिवाय डोंगरावरील झाडझाडोऱ्याचाही नाश होतो. वस्तुतः खांबाची निवड, तो रोवण्याची रीत आणि वर्षातून तीन वेळा करावयाची तपासणी, या तीन गोष्टींकडे लक्ष दिल्यास तेच लाकूड कितीतरी अधिक काळ टिकू शकते.

याचा हिशेब सोपा आहे. वीस गुंठ्यांच्या चौरस तुकड्याचा घेर सुमारे ५९० फूट भरतो. दर सहा फुटांवर एक खांब धरल्यास सुमारे १०० खांब लागतात. खांब दोनच वर्षे टिकत असेल तर सरासरीने दरवर्षी ५० खांब नवे घालावे लागतील. तोच खांब आठ वर्षे टिकला तर दरवर्षी बारा-तेरा खांबांत भागेल. वाचलेल्या खांबांची किंमत, ते तोडण्याची व वाहून आणण्याची मजुरी आणि खड्डे खणण्याचे श्रम ही सर्व शेतकऱ्याची बचतच होय.

लाकूड का कुजते

पाणी लागले म्हणून लाकूड कुजते, ही समजूत अर्धीच खरी आहे. लाकूड कुजविण्याचे काम बुरशी करते. बुरशीचे अतिसूक्ष्म बीजकण हवेत सर्वत्र असतात. त्यांना वाढण्यास ओल, हवा, ऊब आणि अन्न या चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे खुद्द लाकूड. कोकणात ऊब बारमाही असते. राहिली ओल व हवा. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण शेकडा २० च्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. म्हणून घराच्या छपराखालील वासे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. उलटपक्षी, विहिरीच्या तळाशी पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूडही दीर्घकाळ टिकते, कारण तेथे बुरशीस हवा मिळत नाही.

कुंपणाच्या खांबात या दोहोंच्या मधली अवस्था असते. खांबाचे जमिनीखाली खोल असलेले टोक बरेचसे हवेविना असते. जमिनीच्या वरचा भाग पावसात भिजला तरी उघडीप पडताच वाळतो. पण जमिनीच्या पृष्ठभागालगतची एक वीत वर व एक वीत खाली, एवढ्या पट्ट्यात ओल आणि हवा या दोन्ही गोष्टी सतत मिळतात. म्हणून खांब नेहमी नेमका तेथेच मोडतो. त्याचे वरचे व खालचे तुकडे चांगले, आणि मधलाच भाग भुसभुशीत, असे जे आढळते त्याचे कारण हेच आहे.

खांबाचे दुसरे नाजूक ठिकाण म्हणजे त्याचा माथा. लाकडातील नळ्या उभ्या असतात. माथा सपाट कापलेला असल्यास पावसाचे पाणी त्या नळ्यांतून व चिरांतून आत मुरते. तिसरे ठिकाण म्हणजे आडवे वासे वा रिपा जेथे खांबाला भिडतात तो सांधा. तेथे पाणी अडून राहते व वाराही लागत नाही.

वाळवी हा दुसरा शत्रू. ती जमिनीतून मातीच्या बोगद्यासारख्या रेषा काढीत खांबावर चढते व आतील लाकूड पोखरते. बाहेरचा पापुद्रा मात्र तसाच ठेवते. समुद्रकाठच्या गावी खाऱ्या हवेमुळे लोखंडी खिळे व तारा लवकर गंजतात. लाकूड चांगले असूनही खिळा गळून पडतो आणि कुंपण सुटते. दुरुस्ती करण्यापूर्वी यांपैकी नेमके कोणते कारण आहे हे पाहावे. रोग न ओळखता औषध दिल्याने उपयोग होत नाही.

लाकडाची निवड

पुष्कळ झाडांचे खोड आडवे कापून पाहिले असता आत गडद रंगाचा गाभा आणि बाहेर फिकट लाकडाचे कडे दिसते. टिकाऊपणा असतो तो गाभ्यात. बाहेरचे फिकट लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते व त्यास वाळवीही लागते. सागाचा खांब घेतला आणि तरी तो दोन-तीन वर्षांत गेला, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी खांब मनगटाएवढ्या कोवळ्या काठीचा असतो, आणि त्यात गाभा जवळजवळ नसतोच. सबब, झाडाच्या नावावर न जाता खांबाच्या टोकाशी गाभा किती आहे हे पाहून निवड करावी.

साग, खैर आणि जांभा (येथे जांभा दगड नव्हे, त्या नावाचा वृक्ष समजावा) यांचा गाभा जमिनीत चांगला टिकतो. ऐन व किंजळ यांचे पक्व लाकूडही खांबास वापरता येते. आंबा, सावर, पांगारा यांचे कापलेले लाकूड जमिनीत रोवण्यास निरुपयोगी समजावे. जुन्या पोफळीच्या खोडाच्या चिरफळ्या आडव्या पट्ट्यांसाठी वापराव्या, पण त्यांची टोके जमिनीत घालू नयेत.

झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असले तरी ते तोडण्यापूर्वी परवानगीची चौकशी करणे अवश्य आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या अनुसूचीतील झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. यासंबंधीची माहिती गावच्या कार्यकर्त्याने शेतकऱ्यास आधीच करून द्यावी.

तोडलेल्या खांबाची साल पूर्णपणे काढून टाकावी. सालीखाली ओल राहते व किडे घर करतात. सोललेले खांब दगडांवर आडवे रचून, मध्ये हवा खेळेल असे अंतर ठेवून, सावलीत दोन ते चार महिने वाळू द्यावेत. हिवाळ्यात तोडलेले खांब याप्रमाणे पावसाळ्यापूर्वी रोवण्यास तयार होतात.

बांबूचा उपयोग

कोकणात माणगा हा भरीव व सरळ वाढणारा बांबू कुंपणासाठी सोयीचा आहे. बांबू तोडताना त्याचे वय पाहावे. तीन-चार वर्षांचा बांबू पक्व असतो. कोवळ्या बांबूत पिष्टमय पदार्थ व साखर अधिक असल्यामुळे त्यास भुंगेरे लवकर लागतात आणि त्याचे पीठ पडू लागते. पावसाळ्यात नवे कोंब फुटत असताना बेटात तोड करू नये. पावसाळा संपल्यावर थंडीच्या दिवसांत करावी. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत उपयुक्त आहे. तीमुळे आतील साखर पाण्यात उतरते व भुंगेऱ्यांचा उपद्रव कमी होतो. मात्र त्यामुळे बुरशी व वाळवी यांपासून विशेष संरक्षण मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत रोवल्यास सामान्यतः एक ते तीन वर्षांत निकामी होतो. म्हणून बांबूचा उपयोग उभ्या खांबांऐवजी आडव्या पट्ट्या व कामट्या यांसाठी करणे किफायतशीर ठरते. कामट्यांचे खालचे टोक जमिनीपासून चार बोटे वर राहील अशा बेताने बांधणी करावी. बांबूचा उभा तुकडा वापरावयाचा झाल्यास त्याचा माथा पेराच्या लगेच वर कापावा. पेराच्या मध्ये कापल्यास वर पेला तयार होतो. त्यात पाणी साचून बांबू कुजतो, व त्याच पाण्यात डासांची पैदास होऊन घरच्या माणसांस डेंग्यूचा धोका उत्पन्न होतो.

खांब रोवण्याची रीत

सात फुटी खांबाचा दोन फूट भाग जमिनीत असावा. खड्डा खणल्यावर तळाशी चार-पाच इंच जांभ्या दगडाची खडी वा नदीतील गोटे घालावेत, म्हणजे तळाशी पाणी तुंबून राहत नाही. खांब ओळंब्यात उभा करून माती थोडथोडी, पाच-सहा इंचांच्या थरांनी, टाकावी आणि प्रत्येक थर पहारेच्या बोथट टोकाने घट्ट ठोकावा. सगळी माती एकदम लोटून वरून पाय दिल्याने खांब पहिल्या वादळातच हलू लागतो. हलणाऱ्या खांबाभोवती फट पडते आणि त्या फटीत पाणी भरते.

खड्डा भरल्यावर बुंध्याशी मातीचा उंचवटा करून तो चांगला चोपावा, जेणेकरून पाणी खांबापासून दूर वाहून जाईल. खांबाभोवती आळे करणे ही मोठी चूक आहे. आळे झाडास हवे, खांबास नव्हे. खांबाचा माथा तिरपा कापून त्यावर पत्र्याचा तुकडा वाकवून ठोकावा. एवढ्या अल्प खर्चात माथ्यातून मुरणारे पाणी थांबते.

खांबाचे टोक विस्तवावर जाळून काळे करण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. जळलेल्या थराखाली लाकूड तसेच असते आणि जाळल्यामुळे पडलेल्या चिरांतून ओल आत जाते, म्हणून या उपायावर भरवसा ठेवता येत नाही. खांबाभोवती सिमेंटचा पेला ओतण्याची पद्धतही जपून वापरावी. लाकूड वाळून आकसले की सिमेंट व खांब यांमध्ये फट पडते आणि पाणी आत अडकते. सिमेंट वापरायचेच असेल, तर सिमेंटचा वा दगडाचा खुंट जमिनीत रोवून लाकडी खांब त्यास जमिनीच्या वर चार-सहा इंचांवर बोल्टने जोडणे हा उत्तम मार्ग होय. लाकडाचा मातीशी संबंधच तुटला म्हणजे कुजण्याचे मुख्य ठिकाणच नाहीसे होते.

कातळाच्या जमिनीत पुरेसा खोल खड्डा होत नाही. अशा ठिकाणी लाकडाचा हट्ट न धरता जांभ्या दगडाचा गडगा घालावा, आणि लाकूड केवळ बेड्यासाठी वापरावे.

संरक्षक द्रव्ये : उपयोग व धोके

लाकडात विषारी क्षार मुरवून ते टिकविण्याची विद्या आपल्या देशात जुनी आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेशम्‌ यांनी १९३३ साली तांबे, क्रोम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे जे मिश्रण शोधून काढले, ते पुढे जगभर वापरले गेले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे त्याचा वापर आता अनेक देशांत मर्यादित करण्यात आला आहे. तांबे, क्रोम व बोरॉन यांचे मिश्रण हा त्यास एक पर्याय आहे. ही द्रव्ये कारखान्यात दाब देऊन लाकडात खोलवर मुरविली जातात. असे प्रक्रिया केलेले खांब किंवा बांबू विकत घेणे शक्य असल्यास ते घ्यावेत. मात्र त्यांचे जमिनीत जाणारे टोक कापू नये. लांबी कमी करावयाची असेल तर माथ्याकडून करावी, कारण कापलेल्या जागी प्रक्रिया न झालेले लाकूड उघडे पडते.

टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण बांबूवरील भुंगेऱ्यांस उपयोगी पडते. ते माणसास तुलनेने कमी अपायकारक आहे. पण हे क्षार पावसाने धुपून जातात. म्हणून छपराखालील बांबूस हा उपाय योग्य, आणि जमिनीत रोवलेल्या वा उघड्यावरील बांबूस अपुरा, असा भेद करावा.

डांबर अनेकांच्या माहितीचे आहे. ते पूर्ण वाळलेल्या लाकडावरच लावावे. ओल्या लाकडावर डांबराचा थर दिल्यास आतील ओल कोंडली जाते, आणि खांब न लावलेल्या खांबापेक्षाही लवकर आतून कुजू शकतो. डांबर लाकडात खोल मुरत नाही, त्यामुळे थराला चीर पडताच त्याचा गुण संपतो. यंत्रातून काढलेले काळे तेल खांबांस फासण्याची प्रथा सोडून द्यावी. त्याने कूज थांबत नाही. उलट ते पावसाच्या पाण्याबरोबर माती व विहीर दूषित करते.

जुन्या पुस्तिकांतून वाळवीसाठी आल्ड्रिन वा बी.एच.सी. वापरण्याची शिफारस आढळते. आल्ड्रिनवर १९९६ साली आणि बी.एच.सी.वर १९९७ साली आपल्या देशात बंदी आली आहे. एखाद्या कोठीत जुना डबा निघाला तरी तो वापरू नये. कोणतेही द्रव्य हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, लेबलावरील प्रमाण पाळावे, आणि विहीर, तळे व गुरांची गव्हाण यांपासून दूर काम करावे.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. प्रक्रिया केलेले जुने खांब काढल्यावर ते चुलीत, बंबाखाली किंवा आंघोळीच्या पाण्यासाठी कदापि जाळू नयेत. त्यांचा धूर व राख विषारी असते. ती राख भांडी घासण्यास वा भाजीच्या वाफ्यात टाकण्यासही वापरू नये. घरातील स्त्रियांस ही गोष्ट मुद्दाम सांगावी, कारण जळण गोळा करण्याचे काम बहुधा त्यांच्याकडे असते.

वर्षातील तीन तपासण्या

पहिली तपासणी वैशाखात, म्हणजे पावसापूर्वी तीन-चार आठवडे करावी. या वेळी लाकूड वाळलेले असते, दुरुस्तीस सवड असते आणि डांबर लावावयाचे असल्यास तेही शक्य होते. दुसरी तपासणी श्रावणात, पावसाची उघडीप पाहून करावी. तीत खांब हलतो काय, बुंध्याशी पाणी साचते काय, एवढेच पाहून मातीचे उंचवटे नीट करावेत. तिसरी तपासणी दिवाळीच्या सुमारास, भाजीपाला व कडधान्ये पेरण्यापूर्वी करावी. भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटतात, त्यापूर्वी कुंपण शाबूत असणे अगत्याचे आहे.

तपासण्याची पद्धत अशी. प्रत्येक खांबाच्या बुंध्याची माती चार बोटे खोल उकरावी. कोयतीचे टोक किंवा जाड दाभण जमिनीच्या रेषेवर लाकडात दाबून पाहावे. चांगल्या लाकडात ते सहजी शिरत नाही. टोकाने लाकडाची लहानशी ढलपी उचकटावी. ती लांब व तंतुमय निघाली तर लाकूड निरोगी आहे; ती आखूड व कटकन तुटली तर कूज सुरू झाली आहे. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आल्यास गाभा भरीव आहे, आणि बद्द आवाज आल्यास तो पोकळ झाला आहे असे समजावे. कूज डोळ्यांस दिसू लागण्यापूर्वीच लाकडाचे बळ बरेचसे घटलेले असते. म्हणून नुसत्या पाहण्यावर विसंबू नये. सदोष खांबांवर चुन्याची खूण करीत जावे, म्हणजे दुरुस्तीच्या दिवशी पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही.

दुरुस्तीची कामे

कूज वरवरची असेल, तर भुसभुशीत भाग वाकसाने वा पटाशीने तासून काढावा, जागा उन्हात वाळू द्यावी, आणि मगच संरक्षक द्रव्य लावून मातीचा उंचवटा करावा.

बुंधा कुजला पण वरचा भाग चांगला असेल, तर सबंध खांब टाकून देऊ नये. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढावा. खांबालगत सिमेंटचा, दगडाचा किंवा चांगल्या गाभ्याचा आखूड खुंट दोन फूट खोल रोवावा, आणि वरचा खांब त्यास दोन ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टने अगर तारेने आवळून जोडावा. खांबाचे खालचे टोक मातीपासून चार-सहा इंच वर राहिले पाहिजे.

खांब बदलावयाचाच असेल, तर जुन्या खड्ड्यातील कुजलेल्या लाकडाचा कणन्‌कण बाहेर काढावा. तो तेथेच राहिल्यास नव्या खांबास बुरशी व वाळवी आयतीच मिळते. शक्य तर नवा खड्डा हातभर बाजूला घ्यावा. कोपऱ्याच्या व फाटकाच्या खांबांवर ओढ अधिक असते. त्यांस कुंपणाच्या रेषेत आतील बाजूने तिरपा टेकू द्यावा.

आडव्या पट्ट्या खांबास जोडताना टोकाशी खिळा सरळ ठोकल्यास लाकूड फाटते. त्यासाठी आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे. खिळे, स्क्रू व तारा जस्ताचा मुलामा दिलेल्याच घ्याव्यात. साध्या खिळ्यांत वाचविलेले पैसे समुद्रकाठी एका-दोन पावसाळ्यांत गंजून जातात. बांबूस खिळा न मारता तो बांधणे श्रेयस्कर. बांधण्यासाठी काथ्याचा सुंभ उत्तम, कारण ओलीत तो अंबाडी वा तागाच्या दोरीपेक्षा अधिक टिकतो.

फाटक खाली लोंबू लागले की ते जमिनीला घासते व बिजागऱ्या उखडतात. याचे कारण बहुधा तिरप्या आधाराचा अभाव अथवा तो उलट दिशेने बसविलेला असणे हे असते. लाकडी तिरपा आधार बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून कडीकडील वरच्या कोपऱ्यापर्यंत असावा, म्हणजे फाटकाचा भार खालच्या बिजागरीवर येतो. तारेचा ताण द्यावयाचा असेल तर तो नेमका उलट, म्हणजे बिजागरीकडील वरच्या कोपऱ्यापासून कडीकडील खालच्या कोपऱ्यापर्यंत, द्यावा.

पावसाळ्यात दोडका, पडवळ, कारली यांचे वेल कुंपणावर चढविण्याची पद्धत आहे. भाजी मिळते हे खरे. पण वेलांच्या दाट पानांखाली लाकूड महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि वाऱ्याचा सारा रेटा कुंपणावर येतो. वेलांसाठी वेगळा मांडव घालावा, किंवा कुंपणाची एकच बाजू त्यासाठी राखून ती दरवर्षी नवी करावी लागेल हे गृहीत धरावे. त्याचप्रमाणे पालापाचोळा, शेणखत व गवताच्या गंज्या खांबांस लागून रचू नयेत. समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडी कुंपण गच्च न करता फटी ठेवून घालावे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने माड-पोफळींच्या बागांची जी वाताहत केली, तीवरून वाऱ्याच्या जोराची कल्पना यावी. वारा अडविणारे कुंपण आधी पडते; त्यास वाट देणारे कुंपण बहुधा उभे राहते.

न कुजणारा खांब

जिवंत झाडाचे लाकूड सहसा कुजत नाही. म्हणून कुजलेल्या खांबाच्या जागी जिवंत खांब लावणे हा बहुपावसाच्या प्रदेशातील सर्वांत स्वस्त उपाय होय. गिरिपुष्प किंवा पांगारा यांच्या मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फूट लांबीच्या फांद्या पावसाच्या आरंभी हातभर खोल रोवल्यास त्या मुळे धरतात. गिरिपुष्पाचा पाला भाताच्या चिखलणीत हिरवळीचे खत म्हणून घालता येतो, हा अधिक लाभ. दरवर्षी दर चार खांबांमागे एक याप्रमाणे जिवंत खांब लावीत गेल्यास चार वर्षांत सारे कुंपण जिवंत होते, आणि मध्यंतरी शेत उघडे पडत नाही. खांब पहिल्या वर्षी हलू देऊ नये व त्यास तार करकचून आवळू नये. खोड जाड होताच तार आत रुतून झाड मरते.

निगडी, करवंद आणि घायपात यांची दाट लागवडही उपयोगी पडते. मोगली एरंडाचे कुंपण गुरे खात नाहीत, परंतु त्याच्या बिया विषारी असल्यामुळे घर व शाळा यांच्या जवळ ते लावू नये. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. त्याची छाटणी जपून करावी.

कुंपणात घरगुती वा पंपाच्या वाहिनीतून वीज सोडण्याचा प्रकार कोठे होत असल्यास तो तात्काळ बंद करवावा. पावसाळ्यात ओले लाकूड व ओली जमीन यांतून वीज वाहते. रानडुकरासाठी लावलेल्या तारेने शेजारचा माणूस, स्वतःची गुरे किंवा स्वतःचे मूल दगावू शकते. हा गुन्हा आहे, आणि कोणतेही पीक माणसाच्या जिवाहून मोलाचे नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

केवळ सांगण्यापेक्षा दाखविल्याने शेतकऱ्यांची खात्री पटते. गावातील एका बांधावर वीस खांबांचे प्रात्यक्षिक करावे. एकाच झाडाचे व एकाच जाडीचे खांब घेऊन पाच खांब नेहमीच्या रीतीने, पाच खडी, उंचवटा व माथ्यावर पत्रा यांसह, आणि पाच खुंटास जोडून रोवावेत. उरलेल्या पाच जागी गिरिपुष्पाचे जिवंत खांब लावावेत. प्रत्येकावर रंगाने क्रमांक व वर्ष घालावे. दरवर्षी दिवाळीस गावकऱ्यांसमक्ष दाभण टोचून त्यांची परीक्षा करावी व निकाल वहीत नोंदवावा. शेजारी-शेजारी असलेल्या शेतकऱ्यांनी सामाईक बाजूचे कुंपण मिळून दुरुस्त केल्यास खर्च निम्मा होतो आणि तंटेही टळतात. अशी जुळणी करून देणे हेही कार्यकर्त्याचेच काम आहे. लागवड, बांबू व झाडांच्या निवडीविषयी अधिक माहिती दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे मागता येईल.

शेतकऱ्याने निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे : खांबात गाभा असावा, साल नसावी, बुंध्याशी उंचवटा असावा, आळे नसावे, माथा तिरपा असावा, सपाट नसावा, लाकूड वाळवून मगच त्यास काही लावावे, आणि वर्षातून तीन वेळा दाभण घेऊन कुंपणाभोवती एक फेरी मारावी. या फेरीस वीस गुंठ्यांच्या शेतात एखादी सकाळ लागते. कलमे वाढविण्यास मात्र वर्षे लागतात.